मामाची शपथ आणि शेवटचा नळ

"सरबतच! दुसरं काही चालणार नाही!" बॅटरीने टेबलावर मूठ आपटली, तसा त्याचा चष्मा नाकावरून घसरून थेट ओठांवर आला.

"म्हणजे लिंबं पिळायला मी आणि मिरवायला तू! होय ना?" नमुना म्हणाली.

"अगं, रविवारी फुटबॉलचा अंतिम सामना! अख्खी वसाहत मैदानावर येणार! आपल्या स्टॉलवर झुंबड उडेल बघ!"

नमुनाचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच राहिलं होतं. लहान असताना तिने मामाच्या बुटात पाणी ओतून त्यात मासा पाळला होता. बुटात पाय घातल्यावर मामा किंचाळला, मग पोट धरून हसला आणि म्हणाला, "काय नमुना आहे ही पोरगी!" तेव्हापासून ती सुट्टीला आली की वसाहतीतली कुत्रीसुद्धा तिला याच नावाने ओळखायची. बॅटरी हा मामाचा मुलगा. त्याला बॅटरी का म्हणत, हे त्याच्या चष्म्याच्या काचा पाहिल्यावर कुणी विचारत नसे.

आणि मामा? मामा म्हणजे वसाहतीच्या पाण्याचा प्रमुख! उताराच्या वर टाकी, तिथून रस्त्याखालून खाली आलेला पाइप, मधल्या वळणावर मामाचं घर आणि अगदी तळाशी, नाल्याच्या कडेला, शेवटचा नळ. रोज सकाळी टाकीजवळच्या नळाचं पाणी मामा काचेच्या नळीत घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की त्यात जंतू मारणारं क्लोरीन आहे, असं समजायचं. मग तो फळ्यावर ऐटीत लिहायचा : 'आजचे पाणी : उत्तम'. सुट्टीत थेंब टाकायचा मान नमुनाचा. "पाण्याचा नमुना तपासायला घरचाच नमुना हवा!" असं मामा म्हणायचा, आणि ती फुशारून जायची.

तेवढ्यात लंबू दारात आला. शेवटच्या नळासमोरचं घर त्याचं. एरवी तो आला की चौकटीला डोकं आपटून सगळ्यांना हसवायचा. आज तो वाकून आत आला.

"सरबत राहू दे रे," तो म्हणाला. "चिमी पुन्हा आजारी पडलीय. उठवतसुद्धा नाहीये तिला."

तिघं उतारावरून पळतच सुटले. चिमी, लंबूची धाकटी बहीण, भिंतीकडे तोंड करून पडली होती. एरवी तिच्या बडबडीने कान किटायचे. डॉक्टरीणबाई पिशवी आवरत होत्या.

"पोट पार बिघडलंय. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही, तर दवाखान्यात हलवावं लागेल," त्या म्हणाल्या. "या टोकाच्या घराघरांत हेच चाललंय. पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"नळाचंच," लंबूची आई म्हणाली. "आधी उकळायचे हो मी. पण मग ही म्हणाली..."

तिने नमुनाकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडून दिलं. रागावली असती तर बरं झालं असतं!

नमुनाला सगळं आठवलं. सुट्टीच्या सुरुवातीला याच घरात ती ठसक्यात म्हणाली होती, "काकू, कशाला गॅस जाळताय? पाणी मी स्वतः तपासते! मामा म्हणालाय, उत्तम!"

"मी औषध घ्यायला जातो," लंबू म्हणाला. तोही तिच्याकडे न बघताच निघून गेला.

बाहेर आल्यावर नमुनाने खिशातून काचेची नळी काढली. "बॅटरी, थेंबांची बाटली आण. बाबांना सांगू नकोस."

"का पण?"

"आण म्हणते ना!"

शेवटच्या नळाचं पाणी नळीत घेतलं. थेंब टाकले. दोघं डोळे फाडून बघत राहिले. पाणी पिवळं व्हायचं नावच घेईना! पुन्हा भरलं, पुन्हा थेंब. जसंच्या तसं, बिनरंगी!

"आपलंच काहीतरी चुकलं असेल," बॅटरी पुटपुटला.

"मग वर जाऊन बघू!"

टाकीजवळच्या नळाचं पाणी मात्र पहिल्या थेंबालाच पिवळंधमक झालं. म्हणजे थेंब बरोबर होते, हातही बरोबर होते. चुकत होता तो नळ! वरचं पाणी औषधासकट निघत होतं आणि खाली पोचेपर्यंत त्याचं काहीतरी भलतंच होत होतं.

नमुना तशीच मामाच्या कचेरीत घुसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. मामाने हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसला.

"अगं वेडाबाई, उन्हात धरलीस ना नळी? उन्हात रंग दिसत नाही!"

"सावलीत धरली होती मामा."

"मग नळी नीट धुतली नसशील. उन्हाळ्यात पोरांची पोटं बिघडायचीच. आंबटचिंबट खातात." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पाणी उत्तम आहे. तुझी शप्पथ!"

नमुनाला हायसं वाटलं. खरंच सांगायचं तर तिला तेच ऐकायचं होतं. मामा कुणाचीही शपथ घेईल, पण तिची खोटी घेणार नाही, याबद्दल तिच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

घरी येऊन तिने पेला उचलला आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरला.

"नळाचं नको!" मामी केवढ्याने तरी ओरडली.

"का गं मामी?"

"अगं... मामांचा घसा धरतो ना. ओट्यावरच्या निळ्या जगमधलं घे. उकळून गार केलंय."

"मामाचा घसा धरतो, तर मी का उकळलेलं प्यायचं?"

मामीने एकदम कणकेच्या परातीत डोकं घातलं. "मला नको विचारूस. नवा रस्ता झाल्यापासून नळाचं तसंच प्यायचं नाही, असं त्यांनीच सांगितलंय. पोरांना तर मुळीच नाही."

पेला नमुनाच्या हातातच राहिला. आपण आजारी पडलो नाही, बॅटरी पडला नाही, ते का हे आत्ता तिच्या लक्षात आलं. निळा जग! वसाहतीला 'उत्तम' आणि घरच्यांना उकळलेलं! आणि वर तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ!

तिला रडू आलं नाही. तिने पेला ओट्यावर पालथा ठेवला. आपण ज्याची इतकी टिमकी वाजवली, त्यानेच आपल्या तोंडून काकूंना खोटं सांगितलं होतं!

दारात बॅटरी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चष्मा काढून तो शर्टाने काचा पुसत राहिला, कितीतरी वेळ.

"माझे बाबा असं करणार नाहीत," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "केलं असेल तर?"

"तर ते सगळ्यांसमोर बाहेर यायला हवं. नुसतं सांगून काय उपयोग? मी उन्हात नळी धरली म्हणतील!"

"पण नमुने, ते माझे बाबा आहेत गं."

"मला ठाऊक नाही का? माझाही मामाच आहे तो!"

चिमीला दवाखान्यात न्यायला आलेल्या गाडीचा आवाज खालून ऐकू आला, तेव्हा बॅटरीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "सांग, काय करायचं?"

आधी दोघं लंबूकडे गेले. "काकूंना सांग, आजपासून पाणी उकळूनच," नमुना म्हणाली. "आणि माझ्यावर एकदा विश्वास ठेव. शेवटचा."

लंबूने बेत ऐकला आणि मान डोलावली. त्या टोकाच्या घराघरांत त्याने स्वतः जाऊन सांगितलं.

रविवारी मैदानावर जत्रा लोटली. डॉक्टरीणबाई आल्या, वसाहतीचे मोठे साहेब आले, आणि बक्षिसं द्यायला मामाही आला, इस्त्रीच्या शर्टात. मध्यंतरात लंबू खुर्चीवर उभा राहून ओरडू लागला. त्याला खुर्चीची काय गरज होती, कोण जाणे!

"या हो या! आमच्या स्टॉलचं उद्घाटन! शेवटच्या नळाचं थंडगार पाणी! पहिला पेला पाणीप्रमुखांना!"

लोक हसत हसत जमले. नमुनाने काठोकाठ भरलेला पेला मामापुढे धरला.

"घे मामा. शेवटच्या नळाचं. उत्तम आहे ना?"

"उत्तमच!" मामा हसला. पेला हातात घेतला, पण नुसताच धरला. "आत्ताच चहा झालाय गं. नंतर पितो."

"एकच घोट!"

"पाहुण्यांना आधी द्या की! साहेब, आपण..." आणि तो एकदम थांबला. साहेबांनी खरोखरच हात पुढे केला होता. मामाने पेला झटकन मागे घेतला. इतका झटकन, की पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"नको साहेब! तुम्ही नका पिऊ!"

"का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "उत्तम आहे ना?"

मामा ओला शर्ट झटकत राहिला. नमुनाने त्याच्या हातातला पेला घेतला आणि सगळ्यांच्या देखत उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"अगं काय करतेस!" मामा ओरडला.

"घाबरू नकोस. मी खोटं बोलले," ती म्हणाली. "हे तुझ्याच घरच्या निळ्या जगमधलं होतं. मामीने उकळलेलं. तू बिनधास्त प्यायला असतास तरी चाललं असतं. पण तुला ठाऊक होतं, मामा. शेवटच्या नळाला काय येतं, ते तुला पहिल्यापासून ठाऊक होतं!"

मग बॅटरीने पुढे येऊन तपासणी करून दाखवली. वरच्या नळाचं पाणी पिवळं, खालच्या नळाचं बिनरंगी. साहेब शांतपणे म्हणाले, "बोला."

आणि मामा बोलला. नवा रस्ता करताना रोलर फिरला, तेव्हाच नाल्याजवळ पाइप तडकला होता. रोलर तिथून न्यायला मामानेच परवानगी दिली होती. चूक कबूल करायची तर रस्ता पुन्हा खोदावा लागणार, सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागणार. म्हणून आज सांगू, उद्या सांगू, करत त्याने वेळ मारून नेली. पाणी बंद असताना नाल्याची घाण त्या फटीतून पाइपात शिरत होती. ती कधी वरच्या वळणापर्यंतही पोचेल, या भीतीने त्याने स्वतःच्या घरी मात्र उकळलेलं पाणी सुरू केलं होतं. आणि नियम शेवटच्या नळाचं पाणी तपासायचा असूनही मामा रोज पहिल्याच नळाशी थांबत होता.

त्याच दिवशी रस्ता खोदायला सुरुवात झाली. घराघरांत टँकरचं पाणी आलं. चिमी दवाखान्यातून परतली आणि आल्या आल्या बडबडायला लागली. साहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!" डॉक्टरीणबाईंनी तर बॅटरीला जवळच घेतलं. "तुझं सगळ्यात अवघड होतं रे," त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. त्या संध्याकाळी लंबू घरात येताना चौकटीला मुद्दाम डोकं आपटून नमुनाकडे बघून हसला. त्या हसण्यानेच तिला जरा बरं वाटलं.

मामाचं पद गेलं. नवा माणूस येईपर्यंत पाणी मात्र त्यानेच तपासायचं होतं, शेवटच्या नळाशी, सगळ्यांसमोर.

पाइप बदलल्यावर पहिल्या सकाळी मामा उतारावरून एकटाच खाली आला. नळाशी नमुना उभी होती. त्याने नळी भरली आणि थेंबांची बाटली नेहमीसारखी तिच्यापुढे धरली.

"टाकतेस ना, नमुने?"

तिने बाटली घेतली नाही.

"माझी शपथ घेतली होतीस, मामा," ती म्हणाली.

मामाने मान खाली घातली. मग स्वतःच थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

नमुनाने पेला नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात दिला. मामा प्यायला. पेला पुरता रिकामा होईपर्यंत ती बघत उभी राहिली.

"उद्याही प्यायचं," ती म्हणाली, आणि चिमीला शाळेच्या गोष्टी सांगायला समोरच्या घरात गेली.