शेगडीतलं रान

घनश्याम मडावी वर्ध्याच्या लोकोशेडमध्ये फायरमन होता. दिवसभर इंजिनाच्या पोटात फावड्याने कोळसा लोटायचा आणि सुट्टी झाली की पोत्यात थोडा घरी आणायचा. रेल्वेच्या चाळीत सगळ्यांच्याच शेगड्या त्या कोळशावर पेटत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. भुताखेतांचा विषय निघाला की घनश्याम हसायचा. "भट्टीसमोर उभं करा त्या भुताले, मग पाहू," म्हणायचा.

त्याची बायको बायजा हिंगणीच्या पलीकडची, बोरच्या जंगलातली. जन्मभर चुलीत लाकूड घातलेली. कोळशाशी तिचं कधी जमलंच नाही.

"लाकूड बोलते तरी," ती म्हणायची. "हा मुकाट्यानं जळते."

दोन वर्षं ती माहेरी गेली नव्हती. विषय काढला की घनश्यामचं उत्तर ठरलेलं, सुट्टी मिळाली की नेतो. खरं सांगायचं तर सुट्टी मिळत होती. सासुरवाडीच्या खाटेवर लोळत पडायचा त्याला कंटाळा यायचा, एवढंच. एकटीला पाठवावं, तर डबा कोण बांधणार?

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी बायजा अंगणात कोळसा फोडत होती. थराच्या रेषेवर हातोडा मारला की ढेकूळ चटकन दुभंगतं, हे घनश्यामनेच तिला शिकवलेलं. ढेकूळ दुभंगलं आणि आत एक पान निघालं. जिभेसारखं लांबट, मधोमध शीर, काळ्यावर काळं.

"हे आपल्या जंगलातलं नाई," ती म्हणाली. तिला झाडाझाडाची पानं पाठ होती.

"लय जुनं जंगल होतं. मातीखाली दबलं न् कोळसा झालं. साहेबानं सांगतलं."

"म्हणजे आपण जंगल जाळून राह्यलो?"

"मेलेलं जंगल."

"मेलं हे कोणं पाह्यलं?"

घनश्याम हसला आणि ड्युटीवर गेला.

त्यानंतर शेगडीच्या धुराला वेगळा वास यायला लागला. कुजलेल्या पानांचा, ओल्या सालीचा. घनश्यामला वाटलं, माल हलका आला असेल. मग परसातला कोळशाचा ढीग भर वैशाखात ओला राहू लागला. त्याने नळ तपासला. नळाला दुपारी थेंबही नव्हता. ढिगाखालची जमीन उकरून पाहिली, तर ती ठणठणीत कोरडी होती. त्याने डोकं खाजवलं आणि विषय सोडून दिला.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा बायजा पेटलेल्या शेगडीसमोर बसली होती. तिचे पाय घोट्यापर्यंत काळ्या, ओल्या चिखलाने माखले होते. बाहेर उन्हाने जमिनीला भेगा पडलेल्या.

"कुठं गेलती?"

"इथंच होती."

तिने पदराने पाय पुसायला घेतले. पुसता पुसता म्हणाली, "त्या पानाचं झाड पाह्यलं मी. लय उंच हाय. पण तिथं पाखरू नाई. एकबी नाई."

घनश्याम पहिल्यांदा घाबरला. आणि घाबरला म्हणूनच खेकसला. दिवसाढवळ्या झोपा काढतेस, स्वप्नं पाहतेस, चिखलात कुठं तरी तडमडली असशील.

ती भांडली नाही. "मले हिंगणीले नेऊन घाला," म्हणाली. "आपल्या जंगलात. लवकर."

"पुढच्या हप्त्यात नेतो."

"तवरिक मले तिथलीच सवय होईन."

कुठली, हे त्याने विचारलं नाही. पुढे आयुष्यभर तो स्वतःला याच गोष्टीसाठी शिव्या देत राहिला. त्या दिवशीच एसटीत बसवलं असतं, तर संध्याकाळी ती भावाच्या दारात उतरली असती. एवढं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मालगाडी घेऊन बल्लारशाला गेला. परतला तर दार सताड उघडं. शेगडी धगधगत होती, वर डाळ शिजत होती. बायजा नव्हती.

रुसून माहेरी गेली असेल म्हणून तो तसाच हिंगणीला गेला. मेहुणा पुनाजी अंगणात उभा होता. त्याने घनश्यामच्या मागे वाटेकडे पाहिलं.

"बाई कुठं हाय, भाऊजी?"

पोलीस झाले, विहिरी झाल्या, जंगल पालथं घालून झालं. बायजा सापडली नाही.

घनश्याम राहत होता तसाच राहिला. भट्टीसमोर उभा राहायचा, घरी यायचा, स्वतःचा चहा स्वतः करायचा. डबा स्वतःच बांधायचा. तेही जमत होतं, आणि जमतं हे त्याला फार लागायचं.

थंडी पडली. एका सकाळी त्याने नवं पोतं सोडलं. मोठं ढेकूळ काढलं, थर पाहून हातोडा मारला. ते सरळ दुभंगलं. सवयीने एक अर्धं त्याने न पाहताच शेगडीत टाकलं.

दुसरं उचलताना बोटं एका खळग्यात गेली.

त्याने ते उजेडात धरलं.

हाताचा ठसा होता. पाच बोटं फाकलेली, दार ढकलावं तशी. मनगटाशी बांगड्यांच्या बारीक रेषा.

त्याने आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला. ठसा लहान होता. सगळं ढेकूळ बर्फासारखं गार होतं, तो खळगा मात्र कोमट होता.

त्याच्या हातात फक्त खळगा होता. ज्या अर्ध्यावर खुद्द हात उमटला होता, ते शेगडीत होतं, आणि कडेने लाल व्हायला लागलं होतं.