हद्द चालणारा

"दिवा राहू दे तेजस्वी, मोबाइल तेवढा ठेव बाजूला," गुरुसिद्धआण्णा म्हणाले. "ही गोष्ट माझ्या मित्राची, उदयसिंहची. शिरोलीत फौंड्री हाय त्याची."

दोन हजार तेवीस. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, उदयसिंहनं नव्या शेडचा सिमेंटचा कोबा करून घेतला. ओल्या कोब्यावर कुत्री चालतात, म्हणून जेवण उरकून तो पत्रे आडवे लावायला एकटाच गेला.

शेडखालची एक पट्टी आपली, असं शेजारच्या धोंडुबाईचं म्हणणं. पूर्वी हद्दीचा वाद पडला की शेतातली माती डोक्यावर ठेवून, शपथ घेऊन माणूस हद्द चालायचा. खोटं चालला तर निर्वंश. तिच्या सासरच्या मूळपुरुषानं अशी हद्द चालून दिली होती. पुढं इंग्रजी मोजणी आली, साखळी पडली, नकाशावर सरळ रेघ उमटली. पट्टी रेघेच्या पलीकडं, उदयसिंहच्या बाजूला गेली. कोर्टानंही रेघच मानली.

"इंग्रज गेला की रं," धोंडुबाई म्हणाली होती.

"रेघ ठिवून गेलाय, मावशी. बँक त्या रेघंवरच कर्ज देती."

उदयसिंहनं पहिला पत्रा उचलला, तोच हायवेच्या उजेडात कोब्यावर कुणीतरी दिसलं. अनवाणी. डोक्यावर मातीचं ढेकूळ.

"ओ पावणं! डोळं फुटलं काय? ओला हाय कोबा!"

माणूस चालतच राहिला. चालताना तिरका वळला. जिथं धोंडुबाई हद्द दाखवायची, तिथूनच.

पावलांचा आवाज नाही.

टोकाला तो थांबला. ढेकूळ उतरवलं. दोन्ही हातांनी पुढं केलं.

"आता तू चाल."

उदयसिंहला एकुलतं एक पोरगं.

"नकाशा... नकाशा हाय माझ्याकडं..."

त्याचे हात तसेच पुढं.

उदयसिंहनं डोळे मिटले...

सकाळी तो गेटबाहेर बसलेला सापडला. "मी जागचा हललो न्हाय," एवढंच बोलत होता. बुटांना सिमेंटचा ठिपका नव्हता. दिवाळी झाल्यावर पट्टी त्यानं धोंडुबाईला लिहून दिली. बँकेनं कर्ज अडवलं. शेडवर अजून छप्पर नाही.

"म्हणजे स्वप्न पडलं असंल, आण्णा," तेजस्वी म्हणाली.

"मीबी तेच म्हणलो. मग कोबा बघितला. अनवाणी पाऊल एकबी न्हाय. बुटांची रांग हाय, उदयसिंहच्याच. धोंडुबाईच्या हद्दीनं निम्म्यापतोर गेलीया..."



"आणि तिथनं पुढं?"

"तिथनं पुढं कोबा कोरा हाय. परत आल्याचं एक पाऊल न्हाय."