ठोकळा धरणारा

गाडीचा पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा लावून धरतो. आमच्या घरात हातोडी माझी आणि ठोकळा व्हर्नचा. "हिच्या हातात हातोडी असते, म्हणून मी आत लपतो," असं माझा नवरा साऱ्या सॅगिनॉ गावात सांगत फिरायचा. आमची एक खूण होती. पोचा जिथे असेल तिथे तो आतून ठोकळ्याने दोनदा टकटक करायचा. म्हणजे, मॅक्सीन, इथे मार.

आमच्या जुन्या स्टेशन वॅगन गाडीची दुरुस्ती अर्धी झाली आणि व्हर्न गेला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचा दाराखालचा पत्रा पार खाल्ला होता. ती नीट करून तिच्यातूनच तळ्यावर जायचं, असं आमचं ठरलं होतं. बर्फ वितळल्यावर मी एकटीने गॅरेज उघडलं. खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप काढलं, त्यावरून पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंगचे टाके मारून बसवला आणि ठोकायला घेतला.

मागे ठोकळा नसला की पत्रा बद्द वाजतो. हा खणखणीत वाजला. मी वाकून आत पाहिलं. कोणी नव्हतं, ठोकळा फळीवरच होता. मग वीतभर पुढे आतून दोनदा टकटक झाली. तिथे बोट फिरवलं तर खरंच पोचा होता, डोळ्यांना न दिसणारा.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. आनंद झाला. त्या दिवशी मी दोन कप कॉफी ओतली.

शेजारचा गस पावलिक काम बघायला आला. "एकटीने एवढं सफाईदार? व्हर्न होता तेव्हा तर पत्र्याला लाटा यायच्या!"

"हळू बोल. ऐकतोय तो."

गस हसला. तेवढ्यात टकटक झाली.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"असतील की. मेले हुशार आहेत."

एकदा टकटक छपरातून आली. छप्पर मूळचं, एकही पोचा नसलेलं. "म्हातारा चुकायला लागला," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेली शिडी घसरली आणि नेमकी तिथेच आदळली. मी तो पोचा काढला तेव्हा मागे ठोकळा होताच.

त्यानंतर मी काम लांबवायला लागले. घासलेलंच पुन्हा घासायचे. गाडी पुरी झाली की तो जाणार, आणि मग या घरात माझ्याशी बोलणार कोण? पण पत्र्याचं काम कधीतरी संपतंच. रंग लागला, आतलं अस्तर लागलं आणि टकटक थांबली. मी गॅरेजमध्ये बसून पोटभर रडले.

रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. तळ्यावर जायचं म्हणून गस सँडविचचा डबा मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला. मी स्टिअरिंगशी बसले आणि माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.

माझ्या बरगडीशी, दाराच्या आतून, दोनदा टकटक झाली.

मी काच खाली करून बाहेरून हात फिरवला. पत्रा सपाट होता.

गसला छपराची गोष्ट माहीत होती. तो पांढरा पडला. "मॅक्सीन, उतर. आज नको."

"तू उतर. तुझ्या गाडीतून मागून ये."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"आणि गस, बराच मागून ये."

तो उतरला. डबा तसाच सीटवर राहिला. मला कितीतरी दिवसांनी छान वाटत होतं.

मी बोट मुडपलं, दारावर त्याच जागी दोनदा टकटक केली आणि गाडी रस्त्यावर घेतली.