पाण्याची ओळ

धुळ्याच्या परिसंवादात मला वीस मिनिटं मिळणार होती. विषय होता वीरगीतांची शैली. म्हणून दिवाळीनंतर मी मेहरूणहून निघाले आणि चोपड्यापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, वीरगीतं गाणाऱ्या सुपडूआबांच्या घरी दोन दिवस राहिले.

पहिल्या दिवशी आबांनी सगळं गाणं नुसतं ऐकवलं. डोंगरातला एक वीर सात लढाया लढतो. प्रत्येक लढाईआधी गाणाऱ्यानं त्याला गाण्यातून पाणी पाजायचं. त्याच तीन ओळी, प्रत्येक वेळी.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर लावताना मी म्हणाले, "आबा, पाण्याच्या ओळी गाळा. नुसत्या लढाया गा."

"पानी पाजनं पडस, जिनलबाई. बिनपानीना तो कसा लढी?"

"गाणं आहे ते, आबा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. चमेलीअक्का भुईकडे बघत राहिल्या. मग आबा गायले. सगळ्या लढाया, कोरड्या. शेवटी शेवटी आवाज फाटला. तो मला फार आवडला.

तिथून परतल्यावर नवव्या दिवशी धुळ्यात माझं भाषण संपलं आणि टाळ्या चालू असतानाच अक्कांचा फोन आला.

"आबा पानी मांगतस, पन गळाखाले उतरत नही. तुमी या. गानं तुमनासमोर अर्धं राह्यनं, तुमनासमोरच पुरं व्हवाले पाह्यजे."

"उद्या येते," मी म्हणाले आणि जेवायला थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. आबांना दवाखान्यातून परत आणलं होतं. घशात काही सापडलं नव्हतं. सलाइनच्या बाटल्या संपत होत्या, जीभ मात्र लाकडासारखी. ओठ तडकून काळे पडले होते.

"आबा, गा. सगळं गा."

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

मग मीच गायले. पाण्याची पहिली ओळ. दुसरी. त्यांचा घसा हलला. अक्का तांब्या घेऊन वाकल्या.

तिसरी आठवेना. रेकॉर्डरमध्ये तर ती नव्हतीच.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"म्हना ना," अक्का म्हणाल्या.

"तुम्हाला येत असेल, अक्का!"

"ते आदमीस्नं गानं शे. मी कधी ध्यानमा ठेवंच नही."

मी मनानं एक ओळ जुळवली आणि गायले.

आबांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले नाहीत.

अंगणात पाटावर बसवून त्यांना शेवटची आंघोळ घातली. भावकीतले लोक डोक्यावरून हंडे ओतत होते. चार झाले. पाच झाले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पाट कोरडा होता. पाटाभोवतीची धूळ पाणी ओतणाऱ्यांच्या पायांनी उडत होती.