एलादिओला जामीन कोण?

पावसानं गाठलं म्हणून आर्मोनिया धावत स्पॅनिश कामगारांच्या युनियनच्या कचेरीच्या जिन्याखाली शिरली, तर तिथे आधीच एक जण उभा होता. उंच, भिजलेला… आणि टोपीखालून तिच्याकडेच बघणारा.

"वर जायचा धीर होत नाही," तो म्हणाला. "सगळे मला हेर समजतात."

"आहेस का?"

"असतो तर छत्री तरी मिळाली असती."

ती हसली, आणि लगेच स्वतःवरच चिडली. महायुद्ध संपलं तरी स्पेनमध्ये हुकूमशहा ठाण मांडून होता, आणि त्याची माणसं अशीच गोड बोलत शिरतात, हे फ्रान्समधल्या तुलूज शहरातल्या परागंदा स्पॅनिश वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हा एलादिओ म्हणे बार्सिलोनात गवंड्यांच्या युनियनमध्ये होता. म्हणे! ओळख पटवणारे सगळे तुरुंगात, नाहीतर मातीत.

तरी ती कालव्याकाठी त्याला भेटत राहिली. तो खिशातून भाजलेले चेस्टनट काढायचा, सोलून तिच्या हातावर ठेवायचा. ती खायची, पण संशय सोडायची नाही. "सकाळी कुठे असतोस?" विचारलं की त्याची नजर खाली जायची.

मग कुणीतरी त्याला चर्चमध्ये शिरताना पाहिलं. रोज शिरतो म्हणे. हुकूमशहाची पाठराखण करणाऱ्या पाद्र्यांशी उभा दावा असलेल्या या लोकांना आणखी पुरावा कशाला हवा? शनिवारच्या सभेत त्याला हाकलायचं ठरलं.

शुक्रवारी आर्मोनिया त्याच्या मागावर गेली. जन्मात पहिल्यांदा तिनं चर्चचा उंबरठा ओलांडला. एलादिओ परांचीवर होता. हातात थापी, केसांत चुना.

"कागदपत्रं नसलेल्याला दुसरं काम कोण देतं?" तो खाली न बघताच म्हणाला. "पाद्र्यांची वीट रचणार नाही, अशी शपथ घेतली होती मी…"

"मग सांग ना सभेत."

"हेर म्हणाले तर ते खोटं आहे. हे खरं आहे. लाज खऱ्याचीच वाटते."

तिला तो फार, फार आवडला. पण गिलावा करणाराही हेर असू शकतो, हे तिच्या मनातून जाईना.

सभेत तिचे वडील बाल्बिनो गरजले, "याला जामीन कोण? दगा निघाला, तर जामीनही युनियनबाहेर."

कुणी हललं नाही. आर्मोनियानं हात वर केला.

"कुठल्या नात्यानं, पोरी?"

"जोडीदार म्हणून."

या लोकांत ना पाद्री, ना सरकारी सही. चारचौघांत एवढं म्हटलं की लग्न लागलं.

एलादिओ ताडकन उठला. "मी चर्चला गिलावा करतो. पोटासाठी. तिच्यावर काही येऊ नये म्हणून सांगतोय."

"अरेरे," बाल्बिनो मटकन बसले. "त्यापेक्षा हेर असतास तर बरं होतं."

हशा पिकला. आर्मोनिया एलादिओजवळ आली.

"मला विचारलंही नाहीस," तो पुटपुटला.

"विचारून काय… तुझ्या उत्तरावर भरवसा कुठाय माझा?"

"मग हात का वर केलास?"

"प्रेम आहे म्हणून," ती म्हणाली. "भरवशाचं बघू हळूहळू."

एलादिओ खाली बसला आणि बाकावर सरकून त्यानं तिला जागा करून दिली.