सण मोडायची धून

नाणेघाट पाहायला येणाऱ्यांसाठी घाटघरच्या अंजनाताईंनी घराला लागून एक मोठी खोली बांधली होती. वर्षअखेरीच्या पाहुण्यांपुढे वाजवायला त्यांनी जुन्नरहून झीशानला बोलावले. तो लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवी. संध्याकाळी कार्यक्रम उरकायचा आणि लगेच घर गाठायचे, असे तो ठरवून आला होता. घरी बायको अलिझा आणि महिन्याभराचे बाळ होते.

या खेपेला त्याने मोबाइलवर ऐकून एक परदेशी धून बसवली होती, अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया नावाच्या डोंगरी मुलखातली. तिथे म्हणे नाताळ उलटला तरी सण सरत नसे. लोक एखाद्या घरातले सामान बाहेर काढून त्या मोकळ्या घरात नाचत आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी जात. शेवटच्या घरी ही धून वाजली, की सण मोडला.

हे ऐकून अंजनाताई हसल्या. "आमच्याकडं तरी काय निराळं? काला झाल्याबिगर सप्ता उठत न्हाई."

पाहुणे घाटावर सूर्यास्त पाहायला गेले होते. रिकाम्या खोलीत झीशानने व्हायोलिन काढले. बँडवाल्यांची एक रीत असते: मांडव रिकामा असताना आधी बिदाईची धून वाजवून वाद्य सुरात घ्यायचे, कारण तीत सगळ्या तारांची परीक्षा होते. त्याच सवयीने त्याने मोडायची धून आधी वाजवली. मांडवात ही रीत चालते. तिथे वरात येणारच असते. पण ज्या घरात सण भरलाच नाही, तिथे मोडायचे काय? सण मोडायचा तर तो आधी भरावा लागतो.

धून संपली. त्याने गज उचलला, ताल धरणारा पाय थांबवला, आणि तरीही टाचांचा ताल चालूच राहिला. खाली शहाबादी फरशी होती. आवाज मात्र लाकडी फळ्यांवर जोडे आपटावेत तसा. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास हळूहळू दाटत गेला.

चहा घेऊन आलेल्या अंजनाताई दारातच थबकल्या. "झीशानभाऊ, खुर्च्या अंगणात कुणी नेल्या?"

"मी नाही नेल्या, ताई."

"मग हे... नाचतंय कोण?"

तो दाराकडे निघाला, तेव्हा जत्रेच्या गर्दीत लागावेत तसे त्याला खांदे लागले. दिसत कोणीच नव्हते. त्याने मोडायची धून पुन्हा वाजवून पाहिली. नाच आणखी रंगला. पुन्हा दाराकडे सरकला, तर त्या थंड खांद्यांनी त्याला मागे लोटले. बाहेर उजेड विझत चालला होता. अलिझा वाट पाहत असेल, आणि आपण या खोलीतून कधीच सुटणार नाही, असे त्याला वाटू लागले.

"तुमीच सांगितलं ना, मंडळी पुढच्या घरी जातात म्हणून," अंजनाताई कुजबुजल्या. "मग सांगा की त्यास्नी पुढचं घर... माझ्या घरात लेकरंबाळं हायेत, भाऊ."

कोणाचे घर सांगणार? जे आठवेल त्या घरात चूल पेटलेली होती, माणसे होती. मग त्याला जुने आंबेगाव आठवले. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेले. तिथे आजोबांचे घर होते. त्या उंबऱ्यावर आता कोणाचे काय बिघडणार?

"आंबेगाव," तो मोठ्याने म्हणाला. "बाजारपेठेतलं अमीनुद्दीनचं घर."

ताल थांबला. अंजनाताईंच्या अंगावरून गार झुळूक बाहेर गेली आणि बराच वेळ जातच राहिली.

कार्यक्रम तसाच टाकून झीशान जुन्नरला पोहोचला तेव्हा दुकाने अजून उघडी होती. जिना चढून तो गॅलरीत आला. पलंग, ट्रंक, भांड्यांची मांडणी, सारे तिथे थंडीत काढून ठेवले होते. त्यांच्यामध्ये पाळणा होता, आणि पाळण्यात बाळ. त्याने बाळाला उचलून छातीशी धरले. त्याचे इवले पाय बर्फासारखे गार झाले होते.

आत अलिझा मोकळी खोली झाडत होती.

"याला बाहेर का ठेवलंस?"

"अब्बा म्हणाले, जागा करा. पाहुणे येतायत."

त्याचे वडील, कमरुद्दीन, खिडकीशी उभे राहून रस्ता न्याहाळत होते. "नमाजहून येताना चौकात मंडळी भेटली," ते म्हणाले. "आंबेगावातलं आपलं घर विचारत व्हती. मी म्हटलं, राव, ते तर कवाच बुडालं. तर म्हणाली, आमी बघून आलो. घर असू द्या, घरातली माणसं कुठं ऱ्हातात, ते सांगा."

"आणि... तुम्ही सांगितलंत?"

"न सांगून कसं चालंल, बेटा? येवढ्या लांबून आलेली माणसं. त्यात एवढ्या थंडीची समदी भिजलेली, पार डोक्यापासून."