पाण्याचं नाव

होडी पाण्याच्या मधोमध अडली, हे दोन्ही काठांवरच्या कोणीही पाहिलेलं नाही. ही हकिगत सांगणारीनेही नाही. होडीत तिघंच होती. त्यांच्या सांगण्यात जिथे मेळ बसत नाही, तिथे फौजियाचं म्हणणं ग्राह्य धरलं आहे, कारण भुताखेतांवर त्या तिघांत तिचाच विश्वास सर्वांत कमी.

फौजिया भोरची. भाटघरच्या जलाशयापलीकडच्या एका वस्तीवर ती शाळेत शिकवायची आणि शनिवारी शाळा सुटता सुटता मुलांना स्वतः लिहीत असलेली कादंबरी वाचून दाखवायची. गोष्ट प्राचीन इजिप्तच्या पुराणांवर बेतलेली. मावळलेल्या सूर्याची नौका एक मुलगी पाताळातून पलीकडे नेते. वाटेत महासर्प आहे, आणि नौकेचा एकेक भाग तिला अडवून स्वतःचं नाव विचारतो. ती नावं फौजियानं वर्गातल्या मुलांकडूनच घेतली होती. प्रकाशकाला पाठवायची प्रत करताना मात्र तिला ती पोरकट वाटली. तिनं ती खोडून भारदस्त नावं घातली, आणि मुलांना सांगितलं नाही.

सप्टेंबर संपत आला होता. दरड कोसळून रस्ता बंद झाल्यामुळे ती गेनूमामांच्या होडीनं ये-जा करत होती. त्या शनिवारी ती काठावर पोहोचते न पोहोचते तोच मागून गलका झाला. चौथीतल्या अश्विनीला बांधावर साप चावला होता. तिची आई रत्ना बाजाराला भोरला गेलेली. फौजियानं पाय हलू नये म्हणून फळीला बांधला, फोन करून पलीकडच्या काठावर रुग्णवाहिका बोलावली, रत्नालाही तिथेच यायला सांगितलं आणि पोरीला होडीत आडवं केलं.

"मामा, लवकर!"

"बाई, माज्या वल्ह्याला इंजिन न्हाई," मामा म्हणाले. पण न पेटवलेली विडी दातांत धरून त्यांनी सगळं अंग वल्ह्यांवर टाकलं. वल्हवणारा जायच्या काठाकडे पाठ करून बसतो. कादंबरीतला मागे तोंड केलेला नावाडी फौजियाला मामांवरूनच सुचला होता.

मध्यावर धुकं उतरलं. दोन्ही काठ दिसेनासे झाले. शेवाळाचा वास यायला हवा होता. आला तो ओल्या, नुकत्या नांगरलेल्या जमिनीचा. मामा वल्ही मारत होते, पण पाण्याचा आवाजच होईना.

"पानी धरतंय बाई... असं कंदी झालं न्हाई."

मग फौजियाच्या उजव्या हाताशी, वल्ह्याच्या बाजूनं, कोणीतरी हलकेच म्हणालं, "माझं नाव सांग."

तिनं मामांकडे पाहिलं. त्यांचे ओठ विडीवर घट्ट मिटलेले. भीतीनं कान वाजतात, हे तिला ठाऊक होतं. पण अश्विनीनंही मान त्याच बाजूला वळवली होती.

"मॅडम, सांगा की... वल्हं इचारतंय."

"क्षितिजभेदी," फौजिया पुटपुटली. होडी मागे सरकली.

"आवं, त्ये कुटलं? बगळ्याची तंगडी! म्याच दिलं हुतं की!"

वल्ह्याखाली पाणी चुबुक वाजलं. होडी पुढे निघाली.

मग दोरानं विचारलं. "म्हशीचं शेपूट." तळाच्या फळ्यांनी विचारलं. "आत्तीची परात."

"पोरगी कुनाशी बोलतीया?" मामांनी विचारलं.

"तुम्ही वल्हवा, मामा."

सूज गुडघ्याच्या वर चढली होती. अश्विनीचे डोळे मिटत होते. आणि तेव्हाच सगळ्या बाजूंनी, खालून, एकदम आलं, "आणि माझं?"

होडी पुन्हा अडली. हे पाणी विचारत होतं. कादंबरीतही हा प्रश्न तसाच उरला होता. फौजियाला त्याचं उत्तर सुचलंच नव्हतं.

"अश्विनी... याला आपण नाव दिलं नव्हतं गं."

"ह्येला हाय की..." पोरीचा आवाज जेमतेम फुटत होता. "पणजी सांगायची. धरणाच्या आदी हितं आमचं भातखाचर हुतं." तिनं मान उचलली आणि पाण्याला दटावलं, "तू जांभळीचं खाचर! आमचंच हायेस न्हवं? मग जाऊ दे की आमाला!"

 मग अनेक हातांनी खालून लोटावी तशी होडी सुटली. मामांची वल्ही हवेतच राहिली. धुकं फाटलं आणि समोर रुग्णवाहिकेचा दिवा, आणि गुडघाभर पाण्यात उभी असलेली रत्ना.

सर्पविषावरचं इंजेक्शन वेळेवर मिळालं. पाय वाचला, पोर वाचली. शुद्धीवर येताच तिनं खाटेवरूनच हुकूम सोडला, "मॅडम, फुडं वाचा." फौजियानं एकूण एक भारदस्त नाव काढून टाकलं. पुस्तक निघालं ते मुलांच्या नावांसह. वस्तीवर पेढे वाटले गेले, आणि महासर्पाला हरवणारी आपणच, असं अश्विनी अजून प्रत्येकाला ऐकवते. मामांची तक्रार एकच, "माजा फोटू न्हाई छापला व्हय?"

आता उरलेली नोंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा होडी धुवायला गेले, तेव्हा तळाशी भाताची एक पेंढी होती. पिवळी धमक, विळ्यानं कापून नीट बांधलेली. सबंध खोऱ्यात त्या दिवशी भात हिरवंच उभं होतं. फौजियानं पेंढी उलटी करून पाहिली. कापलेल्या टोकांचा ओलावा अजून सुकलेला नव्हता.